जुनी पद्धत

मला वाकवून उभं केलं होतं. शाळेच्या सभागृहात, स्टेजच्या पायथ्याशी, सगळ्यांच्या समोर. आईची साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. हातात धानाच्या पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी, तिच्या मुळांतलं पाणी माझ्याच पायांवर टपकत होतं. गळ्यात सुतळीनं बांधलेला पुठ्ठा. त्यावर लाल स्केचपेननं लिहिलं होतं: जुनी पद्धत.

बाजूला टेबल. टेबलावर मशीन. मशीनपुढंही पुठ्ठा, पण त्याला सोनेरी लेस लावलेली. त्यावर: नवी पद्धत.

मी तीन तास वाकून होते. बरं, चाळीस मिनिटं. पण माझ्या पाठीला विचाराल तर ती तीन तासच सांगेल, आणि पाठ खोटं बोलत नाही. खोटं बोलणारा अवयव माझ्याजवळ एकच आहे, तोंड.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला रोबोटिक्सची जिल्हा स्पर्धा होती. त्याची ही तालीम. संस्थेचे अध्यक्ष पाहायला आले. त्यांच्या मागे मुख्याध्यापक, पाच-सहा पालक आणि आमचे लॅबचे सर. अध्यक्ष मशीनपाशी थांबले नाहीत. माझ्यापाशी थांबले. चष्मा कपाळावर चढवला, माझे पाय पाहिले, पऱ्हे पाहिले. म्हणाले, "वा. अगदी ओरिजनल वाटते."

सर म्हणाले, "ओरिजनलच आहे साहेब. हिची आई रोवणीला जाते."

सगळे हसले. पंगतीत वरण वाढतात ना, तसं ते हसणं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, एकही पान सुटलं नाही. आमच्या टीमचा कॅप्टन अथर्व हसला. मुख्याध्यापक हसले. दारात उभा शिपाई हसला, त्याची बायको माझ्या आईसोबत रोवणीला, धान लावायला, जाते, तरी हसला. कुणाच्या तरी मम्मीनं मोबाइल काढला आणि मला गोड आवाजात म्हणाली, बेटा, अजून थोडी वाक, फोटोत चेहरा नको येऊ दे.

चेहरा नको.

मी अजून वाकले. हे लिहिताना आजही माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. कुणी माझे हात धरले नव्हते. कुणी मानेवर पाय दिला नव्हता. मी आपणहून वाकले, कारण सरांनी सांगितलं होतं, आणि सर सांगतील ते करणारी पोरगी चांगली असते.

आणि त्या मशीनमधली एकूण एक वायर मी जोडली होती.

आता मी कोण, ते सांगते. सिहोऱ्याच्या पुढं आमचं गाव. तिथून एसटीनं तुमसरला शाळेत यायचे. आमचं घर वस्तीतलं. छप्पन सालापासून आमच्या देव्हाऱ्यात देव नाही, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत. गावात मला थापाडी म्हणतात. माझ्याबद्दल गाव बोलतं त्यातली ही एवढीच गोष्ट खरी आहे. पहिलीत मी बाईंना सांगितलं होतं, आमचा कोंबडा हिंदीत आरवतो कारण तो बालाघाटच्या बाजारातून आणला आहे. बाईंनी आठवडाभर विश्वास ठेवला.

आईबद्दल तर मी थापांचं पोतंच उघडायचे. माझी आई इतक्या झपाट्यानं रोवते की बगळ्याला बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाय टेकवायला जागा उरत नाही. एका साली रोवत रोवत मागे सरकली ती सरकतच गेली. गावाचं शिवार संपलं, बावनथडी नदी ओलांडली, मध्यप्रदेश लागला, तरी हिची मान खाली. तिकडच्या पाटलानं विचारलं, बाई, तुम्ही कुणाच्या, तेव्हा कुठं तिनं वर पाहिलं.

या थापेत एक शब्द खरा आहे. मागे. रोवणारी बाई मागे मागे सरकते. समोर लावत जाते, पाय मागे टाकत जाते. पुढं चालली तर स्वतः लावलेलं स्वतःच तुडवेल. हे आमच्या गावातल्या शेळीलाही माहीत आहे. माहीत नव्हतं ते फक्त आमच्या लॅबला.

शाळेत रोबोटिक्सची लॅब आली तेव्हा मी नववीत होते. खोकी आली, मोटारी आल्या, रंगीत वायरींची भेंडोळी आली. शाळेत एवढी नवी वस्तू मी कधी पाहिली नव्हती. उद्घाटनाला पोरींना काम मिळालं, रोबोटच्या आकाराची रांगोळी. पाहुणे तिच्यावरून चालत आत गेले. आम्ही बाहेर. आत पोरांनी खोकी फोडली.

मग टीम निवडायची वेळ आली. पाच जणांची. सरांनी विचारलं, कोणाला यायचं आहे, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आधी माझा हात वर होता. इतका वर की पंख्यात अडकला असता. मला त्या टीममध्ये जायचं होतं. फक्त जायचं नव्हतं, मशीनला हात लावायचा होता. आयुष्यात मला कशाचीही तेवढी भूक लागली नाही.

सर म्हणाले, घेतो तुला, नियमच आहे, दोन मुली कंपल्सरी. त्यांनी फॉर्म भरला. अथर्व, कॅप्टन. दुसरी दोन पोरं, बांधणी आणि प्रोग्राम. प्राची, सादरीकरण, कारण तिला इंग्रजी येत होतं आणि ती गोरी होती. शेवटी माझं नाव. नावासमोर लिहिलं: सजावट व सहकार्य.

मी विचारलं, सहकार्य म्हणजे काय करायचं.

"सर सांगतील ते," सर म्हणाले.

सरांनी सांगितलं ते असं. लॅब झाडायची. थर्माकोल कापायचा. अक्षरांना चमकी लावायची. पाहुण्यांना पाणी न्यायचं. सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईला मुलींनी हात लावायचा नाही, कारण ओढणी पेटेल. अथर्वच्या शर्टाची बाही दोनदा जळाली, तरी शर्टावर बंदी आली नाही.

अथर्वच्या घरची राईस मिल होती. त्यानं धान पाहिलं होतं ते पोत्यात. मला वाटतं त्याचा समज असा असावा की धान बारदान्यालाच लागते, शेंगा लागतात तसं. पोरगा वाईट नव्हता, आळशी होता. त्यानं सोल्डर केलेला सांधा बोट लावलं की गळायचा. लॅबच्या तासाला तिघंही पोरं मैदानावर क्रिकेट खेळायला जायची आणि मी झाडू घेऊन आत एकटी. मग मी ओढणी दप्तरात कोंबायचे आणि सळई तापवायचे. खोक्यातल्या पुस्तिकेत चित्रं होती. चित्रांवरून शिकले. बोटं भाजली, तोंडात घातली, पुन्हा शिकले. पंधरा दिवसांत माझा सांधा असा बसायला लागला की मशीन उलटी टांगून त्यावरून बैलगाडी न्या.

अथर्वनं एकदा पाहिलं मला. मला वाटलं आता सरांना सांगणार. तो दारातच थांबला, म्हणाला, "तू करत राय. पण सांगू नको कोणाले. सरले माहीत झालं तं तुलेच काढतीन."

मी याला मैत्री समजले. महिनाभर समजत होते. लॅबच्या रजिस्टरमध्ये रोज काम लिहायचं असायचं. एक दिवस उघडून पाहिलं. सोल्डरिंग: अथर्व. वायरिंग: अथर्व. जोडणी तपासली: अथर्व. माझ्या नावापुढं महिनाभर एकच शब्द होता. झाडझूड.

धान रोवण्याची मशीन ही सरांची कल्पना. आपला धानाचा जिल्हा, परीक्षक खूश होतील. मशीन तशी सोपी. चार चाकं, दोन मोटारी, आणि एक हात, जो पऱ्हं उचलून चिखलात खोचतो. सरांनी तो हात मशीनच्या तोंडापाशी लावायला सांगितला. लोकांना दिसला पाहिजे म्हणून. आणि मशीन चालायची पुढं.

मी ते पाहिलं. तोंडापाशी खोचणार, पुढं जाणार, म्हणजे खोचलेलं पऱ्हं स्वतःच्याच पोटाखाली घेणार. हे ओळखण्यात मला काही हुशारी वाटली नाही. ते दिसतच होतं.

मी म्हटलं, "सर, हे मागं चालाले पायजे."

अथर्व म्हणाला, "मागं कोणती गाडी चालते बे?"

मी सांगितलं, माझी आई मागे चालते. सगळ्याच रोवणाऱ्या मागे चालतात. प्रत्येक मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं, पाच मिनिटांचं काम आहे. दोन पोरांपैकी एकानं विचारलं, तुझी आई रिव्हर्स गिअरवर आहे का. आणि सरांनी हसू आवरून जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, एक अक्षर वाढवत नाही. "मागे मागे जायची सवय तुमची आहे. आपल्याला जिल्हा पुढे न्यायचा आहे."

तुमची. आपल्याला. या दोन शब्दांच्या मधून बावनथडीपेक्षा रुंद नदी वाहत होती. तोवर मी समजत होते की मी आणि सर एकाच काठावर आहोत.

खरं तर चूक तालमीतच उघडी पडली असती. पण लॅबमध्ये चिखल आणायचा नाही असा सरांचा हुकूम होता. फरशी नवी होती. मशीन पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर ठेवून चाचणी व्हायची, चाकं हवेत गरगर फिरायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे. धानाची मशीन, आणि तिनं जन्मात चिखल पाहिला नव्हता. सभागृहात त्या दिवशी मशीनच्या बाजूच्या ट्रेमध्येही चिखल नव्हता, तपकिरी कागद होता. सगळ्या सोहळ्यात खरे फक्त पऱ्हे होते, जे मी गावाहून आणले, आणि मी.

वाकून उभी राहायची कल्पना शेवटच्या आठवड्यात निघाली. पूर्वी आणि आता, सर म्हणाले. एकीकडं बाई, एकीकडं मशीन. त्यांनी आधी प्राचीकडं पाहिलं. प्राचीच्या पांढऱ्या मोज्यांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. म्हणाले, तू कर, तुला शिकवावं लागणार नाही.

घरी मी आईला थाप मारली. नाटक आहे, मुख्य पार्ट माझा आहे, साडी दे. आईनं पेटीच्या तळातून तिची चांगली साडी काढली, धम्मचक्र दिनाला नेसते ती, मोरपंखी. तीच मी तालमीत नेसले. तीच खोचून मी अध्यक्षांसमोर वाकले.

तालीम संपल्यावर सरांनी मला थांबवलं. मला वाटलं शाबासकी देतात. सर म्हणाले, साडी फार चकचकीत वाटते, उद्या कामावरची आण, चिखलाचे डाग असलेली. म्हणजे खरं वाटेल.

घरी आले तेव्हा आई न्हाणीपाशी पाय घासत होती. उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली होती, नखांत काळा चिखल. मी म्हटलं, आई, दुसरी साडी पाहिजे, कामावरची.

"कायचं नाटक हाये हे?" आई म्हणाली.

मी सुरू केलं. एक राणी असते, तिचं राज्य जाते, मग ती वेष पालटून... आई माझ्याकडं पाहतच राहिली. तिच्या नजरेपुढं माझ्या थापा तासाभरात आंबतात. मी राणीला तिथंच सोडलं. आणि मग खरं सांगितलं. पुठ्ठा, सुतळी, फोटो, चेहरा नको, सगळं. मीठमसाला न लावता. पहिल्यांदाच.

आईनं दुसरा पाय घासायला घेतला. मग म्हणाली, "मी वाकतो तं एक बांधी रोवून होते. तू वाकून राहिली, तं काय होते?"

मी तांब्या भरला आणि तिच्या पायांवर पाणी ओतलं. ज्या पोरीनं कोंबड्याला हिंदी शिकवली, तिनं या वेळी थाप जोडली नाही.

आईनं दोरीवरची साडी ओढली, घडी केली, माझ्या दप्तरावर ठेवली. एवढंच म्हणाली, साडीत काही खोट नाही, घेऊन जा.

सकाळी शाळेत मशीनची पूजा झाली. नारळ फुटला. मशीनच्या कपाळावर कुंकू, म्हणजे बॅटरीवर. प्राचीनं ओवाळलं. मी पुढं सरकले तसे सर म्हणाले, तुमच्यात पूजाबिजा नसते ना, तू चिखलाचा ट्रे गाडीत ठेव. स्पर्धेसाठी खरा चिखल पाहिजे होता म्हणून सकाळीच कालवला होता. आता आमच्यात पूजा नसते हे खरंच आहे. मला त्या कुंकवाचं काही पडलं नव्हतं. पण त्या बॅटरीपासून निघालेली प्रत्येक वायर माझ्या भाजलेल्या बोटांतून गेली होती, आणि तिच्याजवळ उभं राहायला मला धर्म आडवा आला. चिखल उचलायला नाही आला.

भंडाऱ्याच्या त्या हॉलमध्ये शंभर टेबलं होती. बरं, तीस. तीस टेबलांवर तीस मशिनी. मी वाकायच्या आधी एक फेरी मारून आले. प्रत्येक टेबलामागं एक अथर्व बोलत होता. प्रत्येक टेबलाच्या कडेला एक पोरगी उभी होती, हातात चार्ट, नाहीतर फुलं, नाहीतर पाण्याचा ग्लास. एका पोरीला वीज केलं होतं, अंगभर चमकीचा कागद. एकीला पृथ्वी केलं होतं, तिला बसताही येत नव्हतं. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. सगळ्या सजावट होतो, आणि सजावट बोलत नसते.

परीक्षक एक निवृत्त इंजिनिअर. आमच्या टेबलाशी आले. मी वाकले. प्राचीनं पाठ केलेलं सुरू केलं: पूर्वी आपल्या जिल्ह्यात स्त्रिया दिवसभर वाकून... परीक्षकांनी माझ्याकडं मान हलवली, वेशभूषा छान म्हणाले. अथर्वनं मशीन चिखलात ठेवली आणि बटण दाबलं.

हातानं पहिलं पऱ्हं उचललं. खोचलं. टाळ्या. मशीन पुढं गेली. पऱ्हं पोटाखाली आडवं झालं, मग मागच्या चाकाखाली गेलं. दुसरं पऱ्हं. खोचलं. गेलं. तिसरं. मी वाकलेली होते म्हणून माझे डोळे अगदी चिखलाच्या पातळीला होते, आणि त्या हॉलमध्ये माझ्याइतकं जवळून ते कुणीच पाहिलं नाही.

परीक्षक म्हणाले, "हे लावते आहे की तुडवते आहे?"

सरांच्या कपाळावर घाम. साहेब, छोटी ॲडजस्टमेंट राहिली, पाच मिनिटं द्या. परीक्षक पलीकडच्या टेबलावर गेले. सर माझ्यापाशी आले. खाली वाकले, मी वाकलेली होते म्हणून. पहिल्यांदा आमची तोंडं समोरासमोर.

"तू म्हणत होतीस ना वायरींचं? लवकर कर."

म्हणजे त्यांना आठवत होतं. सगळं आठवत होतं. अथर्वनं माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर ठेवला. मी पोहोचले होते. वर्षभर मला जिथं जायचं होतं तिथं पोहोचले होते, सगळ्यांसमोर, मशीनच्या पुढ्यात. दोन मोटारी, चार स्क्रू. माझी बोटं आपसूक पहिल्या स्क्रूकडं गेली, इतकं ते काम मला हवं होतं.

मी म्हटलं, "सर, फॉर्मवर माझ्या नावापुढं काय लिहान?"

"ते नंतर पाहू," सर म्हणाले. "आधी कर. आणि झालं की परत वाकून उभी राहा, साहेब येतील."

पुढं काय झालं ते मी गावात दहा प्रकारे सांगितलं आहे. एका प्रकारात मी मशीनला अशी लाथ मारली की ती वैनगंगेत पडली. दुसऱ्यात मी टेबलावर चढून भाषण केलं, हॉल उभा राहिला, कलेक्टर रडले. कलेक्टर तिथं नव्हतेच. तिसऱ्यात सर माझ्या पाया पडले. लोकांना तिसरा प्रकार जास्त आवडतो.

झालं ते एवढंच. मी सरळ झाले.

पाठीत कळ आली. पाठीचे मणके एकेक करून जागेवर बसत गेले. स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला. गळ्यातला पुठ्ठा काढला, तोही ठेवला. सरांसाठी एक खुर्ची होती. मी तिच्यावर बसले. खोचलेली साडी तशीच, पाय चिखलाचे.

सर दात आवळून म्हणाले, "उठ."

मी म्हटलं, "नाही."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं वाक्य. त्याला मी शेपूट जोडलं नाही, झालर लावली नाही.

अथर्वनं स्वतः स्क्रू उघडले. घाईत एकाच मोटारीच्या वायरी बदलल्या. परीक्षक परत आले, बटण दाबलं, आणि मशीन एका जागी गोल गोल फिरायला लागली. चिखल उडाला. परीक्षकांच्या पांढऱ्या शर्टावर उडाला, सोनेरी लेसवर उडाला. परीक्षकांनी मला विचारलं, तू टीममध्ये आहेस ना, मग बसून का आहेस. मी सांगितलं, ही मशीन मी जोडली आहे, आणि ती मागे चालली पाहिजे हे मी सांगितलं होतं. मला वाटलं होतं आता ते विचारतील, कशी जोडलीस. ते म्हणाले, "भांडणं घरी ठेवून यायची असतात." आणि सरांना म्हणाले, मुलींना जरा शिस्त लावा. पेन चाललं. पुढचं टेबल.

परतीच्या गाडीत, तुमसर यायच्या आधी प्राची म्हणाली, "पाच मिनिटाचं काम होतं. करून टाकलं असतं तं आपुन पुढं गेलो असतो." मी तिला विचारलं, आपण म्हणजे कोण. ती खिडकीकडं वळली. तिचाही हात कधी मशीनला लागला नव्हता. तिला ओवाळायला मिळालं, मला झाडायला. एवढाच फरक, पण तेवढा फरक तिला पुरत होता.

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी आईला बोलावलं. आई कामावरून सरळ आली, तीच साडी, ओली. तिला बसा कोणी म्हटलं नाही. टेबलावर माझ्यासाठी कागद तयार होता: मी शिस्तभंग केला, शाळेची बदनामी केली, माफी मागते. खाली सहीला जागा. आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं, सही नसेल तर ही लॅबमध्ये येणार नाही. ही एकटीच नाही, कोणतीच मुलगी येणार नाही, असली कटकट नको.

आईनं विचारलं, "पोरीनं काही तोडलं का?"

"तोडलं नाही. ऐकलं नाही," तिथंच उभे असलेले लॅबचे सर म्हणाले.

"मंग ठीक हाये," आई म्हणाली, आणि मला घेऊन बाहेर आली.

मी सही केली नाही. मुख्याध्यापकांनी शब्द पाळला. त्या वर्षी लॅब पोरींना बंद झाली. मधल्या सुट्टीत वर्गातल्या पोरी मला ऐकवायच्या, तुझ्यामुळं, तुझ्या अकडीमुळं. माझ्या बाकावर कुणीतरी चिखल आणून टाकायचं. सर माझी वही तपासायचे नाहीत, माझ्या जागेवर रिकामा बाक असल्यासारखे पुढं जायचे. मी घरी येऊन रडले नाही असं सांगायला मला आवडलं असतं. रडले. पुष्कळ रडले. पण सही केली नाही.

दहावीनंतर आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन. तिथंही पहिल्या दिवशी फळ्यावर तारीख लिहायचं काम मला दिलं, अक्षर छान आहे म्हणून. मी खडू परत दिला. आता मी सौर पंपांच्या जोडण्या करते. आंबागडपर्यंतच्या शेतांत फिरते. शेतकरी आधी विचारतात, मिस्त्री कुठं आहे. मी म्हणते, तुमच्यासमोर उभा आहे, आणि पॅनेल उघडते. गावातल्या काही पोरी रविवारी विहारात माझ्याकडं शिकायला येतात. त्यांना मी आधी नाही म्हणायला शिकवते. वायर सोलायला नंतर.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. आवाज मऊ. लॅबची तपासणी येणार आहे, मशिनी बंद पडल्या आहेत, कुणाला काही समजत नाही, तू ये, तू तर आपल्या शाळेची. मी म्हटलं, येते. एकच करा. त्या वर्षीचं लॅबचं रजिस्टर काढा. महिनाभर जिथं जिथं अथर्व लिहिलं आहे तिथं काट मारून माझं नाव लिहा, खाली तुमची सही करा. आणि माफी मागायची असेल तर ती मला नको, लॅबच्या दाराबाहेर ठेवलेल्या पोरींची मागा, प्रार्थनेच्या वेळी, माइकवर.

ते म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीचं किती वर्षं धरून बसशील?"

मी म्हटलं, "मशिनी जितकी वर्षं बंद राहतील तितकी."

नंतर तीनदा फोन आला. मी उचलला नाही. तपासणी येऊ द्या. शेरा लिहू द्या. धूळ चढू द्या, उंदरांना वायरी कुरतडू द्या. त्या खोलीतली प्रत्येक मशीन मी अर्ध्या तासात चालू करू शकते, आणि करणार नाही. जिथं माझं नाव लागणार नाही, तिथं माझा हात लागणार नाही.